हात आधी, मारिओ नंतर: आजच्या कन्सोलवर जुने गेम खेळताना येणारा लॅग कसा मोजायचा आणि कसा घालवायचा

पहिल्या लेव्हलमधला पहिला खड्डा. अंगठ्याने बटण वेळेवर दाबलेलं असतं, तरी मारिओ कडेवरून चालत सरळ खाली जातो. पुढच्या लाईफला जरा आधी दाबलं की उडी बरोबर बसते. मग वाटतं, वय झालं, हात जड झाले. पण दोष बहुधा वयाचा नसतो. बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंत पूर्वीपेक्षा पाच-सहा शतांश सेकंद जास्त जात असतात, आणि मारिओ, कॉन्ट्रा, पंच-आउट असल्या गेममध्ये मरायला तेवढे पुरतात.

‘गेम लॅग मारतो’ अशी तक्रार घेऊन नाशिकच्या एमजी रोडवर दुकानात गेलं, की बहुतेक वेळा नवा कंट्रोलर हातात घेऊन बाहेर यायची पाळी येते. तो खर्च सहसा वाया जातो. उशिराचा सगळ्यात मोठा वाटा टीव्हीचा असतो आणि त्यावरचा इलाज टीव्हीच्याच मेनूत फुकट पडलेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजा, मग टीव्ही बघा, मग कंट्रोलर, मग गेम ज्यातून चालतो ते सॉफ्टवेअर. खिशात हात सगळ्यात शेवटी.

उशीर नेमका कुठे होतो

जुने गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. एक चित्र म्हणजे एक फ्रेम, आणि ती १६.७ मिलिसेकंदांची. पुढचा सगळा हिशोब या फ्रेममध्येच करायचा.

जुन्या काळी लॅग शून्य होता, ही समजूत खरी नाही. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलवर गेम साधारणपणे एका फ्रेममध्ये एकदाच बटण तपासतो. तपासून झाल्यावर दाबलेलं बटण पुढच्या फेरीपर्यंत थांबतं. मग गेम उडीचा हिशोब करतो, आणि ती उडी त्यानंतरच्या फ्रेममध्ये दिसते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हे चित्र आलं तसं वरून खाली रंगवलं जायचं, मध्ये कुणी हात लावत नव्हतं. तरीही बटणापासून डोळ्यापर्यंत दोन-तीन फ्रेम, म्हणजे ३० ते ५० मिलिसेकंद, जायचेच. आपलं ध्येय तिथवर जाण्याचं. त्याखाली जाण्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

आजच्या मांडणीत या साखळीला नव्या कड्या जोडल्या गेल्या आहेत. कंट्रोलर ब्लूटूथने बोलतो. गेम खऱ्या हार्डवेअरवर न चालता इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालतो. तयार झालेलं चित्र थेट बाहेर न पडता रांगेत उभं राहतं, कारण कन्सोलची सिस्टीम दोन-तीन चित्रं हाताशी ठेवूनच पुढे सरकते. मग टीव्ही ते चित्र मोठं करतो, त्याचे रंग सजवतो, हालचाल ‘स्मूद’ करायला शेजारच्या चित्रांशी ताडून बघतो, आणि मगच दाखवतो.

इंटरनेटचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, ही वेगळी गोष्ट आहे. एकट्याने मारिओ खेळताना ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवून एक मिलिसेकंदही कमी होत नाही. गेम दूरच्या सर्व्हरवर चालून इकडे स्ट्रीम होत असेल, तरच नेटचा संबंध. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल यांचाही लॅगशी काही संबंध नाही. आणि पडद्यावर शत्रू जास्त झाले की गेम जड चालतो, ती मूळ गेमचीच चाल आहे. चांगला इम्युलेटर तीही जशीच्या तशी दाखवतो.

आधी एक शंका फेडून घ्या

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जो ‘टीव्ही गेम’ होता, तो बहुतेक ठिकाणी खरा निन्टेन्डो नव्हता. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेला क्लोन होता. पाल पद्धतीच्या (भारतात चालणाऱ्या) टीव्हीसाठी बनवलेले असे क्लोन सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं दाखवत. कॅसेटमधला गेम मात्र ६० साठी लिहिलेला असे, म्हणजे सगळा खेळच सहाव्या हिश्शाने मंद चालायचा. मारिओ, कासवं, संगीताची लय, सगळंच. आज अधिकृत आवृत्ती ६० वर चालते, म्हणजे लहानपणच्या मारिओपेक्षा २० टक्के वेगाने. अंगठ्याच्या अंगवळणी जुनी लय पडलेली असते. तो उशिरा दाबतो आणि नाव लॅगचं होतं.

हे तपासायला स्टॉपवॉच पुरतं. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये वरच्या घड्याळाचा एक आकडा २४ फ्रेमनी कमी होतो. पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीला मारिओला उभा ठेवा (कुणी अंगावर येत असेल तर मागे सरका) आणि ४०० पासून ३०० पर्यंत किती वेळ लागतो ते बघा. ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) ४० सेकंद लागतात. जुना क्लोन अजून माळ्यावर असेल तर त्यावर बहुधा ४८ भरतील. हाच फरक खटकत असेल, तर खालचे उपाय करून तो जाणार नाही. आठवडाभर रोज अर्धा तास खेळा, हात सुधारतो.

उलटा प्रकारही घडतो. डिसेंबर २०१८ मध्ये सोनीने काढलेल्या छोट्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये २० पैकी ९ गेम ५० हर्ट्झचे होते आणि त्यात टेकेन ३ होता. दुकानात तासन्‌तास टेकेन खेळलेल्या माणसाला तो हातात घेताक्षणी जड लागतो. कुठल्याही गेममध्ये आवृत्ती निवडायचा पर्याय असेल, तर अमेरिकन किंवा एनटीएससी (६० हर्ट्झची) हीच घ्या.

मोबाईलने मोजणं

‘जाणवतं’ यावर विसंबू नका. सेटिंग बदलल्यावर लगेच खेळलं, की बरं वाटतंच. २४० एफपीएसचा (सेकंदाला २४० चित्रं) स्लो मोशन असलेला कुठलाही फोन चालेल. त्याची एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. ९६० लिहिलेला मोड वापरू नका. बऱ्याच फोनमध्ये त्यातली मधली चित्रं फोन स्वतः बनवतो आणि मोजणी खोटी पडते.

१. फोन एखाद्या स्टीलच्या डब्याला टेकवून असा उभा करा, की एकाच चौकटीत कंट्रोलर आणि टीव्हीवरचा मारिओ दोन्ही दिसतील. कंट्रोलर पडद्यापासून हातभर अंतरावर धरा. खोलीत उजेड हवा, नाहीतर अंगठा काळा दिसतो.

२. मारिओला मोकळ्या जागी उभं करा. दर वेळी तीच जागा. टीव्ही चित्र वरून खाली रंगवतो, त्यामुळे पडद्याच्या तळाशी असलेली गोष्ट माथ्यापेक्षा जवळजवळ एक फ्रेम उशिरा दिसते. जागा बदलली तर तुलना फसते.

३. अंगठा बटणावर टेकवून ठेवू नका. बोटभर उंचीवरून ठोसा मारल्यासारखं दाबा, म्हणजे बटण तळाला गेल्याचा क्षण व्हिडिओत स्पष्ट दिसतो. दहा वेळा करा.

४. व्हिडिओ एक-एक फ्रेम पुढे सरकवता येईल अशा ॲपमध्ये उघडा. संगणकावर व्हीएलसी असेल तर ‘ई’ दाबून फ्रेम पुढे जाते. फोनने साठवताना व्हिडिओ आधीच संथ केलेला असला तरी चालतं, फक्त २४० च्या सगळ्या फ्रेम त्यात आहेत ना ते बघा. बटण तळाला गेलं ती फ्रेम शून्य धरा. मारिओचं चित्र पहिल्यांदा बदललं तिथपर्यंत मोजा.

५. दहा आकडे उतरत्या क्रमाने लिहून मधले दोन घ्या, त्यांची सरासरी काढा आणि ४.१७ ने गुणा.

समजा २८ आले. २८ गुणिले ४.१७ म्हणजे सुमारे ११७ मिलिसेकंद, गेमच्या सात फ्रेम. दहा आकड्यांत चार-पाचांची तफावत दिसली तर घाबरू नका. बटण फ्रेमच्या सुरुवातीला दाबलं गेलं की शेवटी, यावर तेवढा फरक पडतोच. दहा-बारांची तफावत असेल तर मात्र वायरलेसमध्ये अडथळा आहे, त्याबद्दल पुढे येईल.

आकडा लिहून ठेवा आणि यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलली की परत मोजा.

निन्टेन्डोचा स्विच (टीव्हीवर आणि हातातही चालणारा कन्सोल) असेल तर आणखी सोपी कसोटी आहे. तोच गेम आधी डॉकमधून (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमधून) टीव्हीवर आणि मग हातात धरून, जॉय-कॉन (त्याचे छोटे कंट्रोलर) बाजूला अडकवून खेळा. हातातल्या मोडमध्ये टीव्ही आणि ब्लूटूथ दोन्ही साखळीतून बाहेर पडतात. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या हॉलमधल्या मांडणीची फी. जो आकडा उरतो तो इम्युलेटरचा आणि गेमचा. त्याला टीव्ही बदलून काही होणार नाही.

टीव्ही

गेम मोड बंद असलेला स्मार्ट टीव्ही एकटाच साधारण ६० ते १२० मिलिसेकंद खातो. तोच टीव्ही गेम मोडमध्ये १० ते २५ वर येतो. इतका मोठा फरक या लेखातल्या दुसऱ्या कुठल्याच उपायाने पडत नाही.

सॅमसंगमध्ये सेटिंग्जखाली जनरल, त्यात एक्स्टर्नल डिव्हाइस मॅनेजर, त्यात गेम मोड. नव्या मॉडेलमध्ये तो कनेक्शनखाली सापडतो. एलजीमध्ये पिक्चर मोड ‘गेम ऑप्टिमायझर’. सोनी आणि बाकीच्या बहुतेक अँड्रॉइड टीव्हींवर पिक्चर मोडच्या यादीत ‘गेम’ असतो. हे करताना तीन चुका हमखास होतात.

पहिली: गेम मोड बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआयसाठी वेगळा असतो. सेट टॉप बॉक्सच्या एक नंबरवर चालू केला आणि कन्सोल दोन नंबरवर असेल तर उपयोग शून्य. कन्सोल चालू करून, गेम पडद्यावर असतानाच मेनू उघडा.

दुसरी: ‘गेम’ नावाची निव्वळ रंगांची सजावट. काही स्वस्त टीव्हींमध्ये हा मोड लावल्यावरही हालचाल स्मूद करणारी यंत्रणा चालूच राहते. सॅमसंग तिला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी म्हणतो, एलजी ट्रूमोशन, सोनी मोशनफ्लो, बाकीचे एमईएमसी. ती हाताने बंद करा. पुढचं चित्र आल्याशिवाय मधलं चित्र बनवता येत नाही, त्यामुळे ती चालू असली की टीव्ही थांबणारच. नॉइज रिडक्शन आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्टही त्याच फटक्यात बंद करून टाका. चित्र फिकं वाटेल. दोन दिवसांत डोळ्याला सवय होते.

तिसरी: सगळं आपोआप होतं असं धरून चालणं. कन्सोल चालू झाला की टीव्ही स्वतःहून गेम मोडमध्ये जातो, या सोयीला एएलएलएम म्हणतात. एक्सबॉक्सवर ती सेटिंग्ज, जनरल, टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्स, व्हिडिओ मोड्स इथे सापडते. पीएस५ वरही आहे. २०१७ चा मूळ स्विच असा इशारा पाठवतच नाही, तिथे मोड हातानेच लावायचा.

टीव्ही दहा-बारा वर्षं जुना ३२ इंची एचडी रेडी असेल आणि गेम मोडच नसेल, तर इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करून बघा. काही टीव्ही त्या नावाला बरीचशी सजावट सोडून देतात. कन्सोलकडून ७२० आणि १०८० दोन्ही पाठवून मोजा; कुठलं जलद ते टीव्हीवर अवलंबून आहे. तरीही आकडा शंभराच्या वर राहिला, तर नव्या टीव्हीपेक्षा एचडीएमआय असलेला २४ इंची संगणकाचा मॉनिटर घ्या. मॉनिटर चित्राशी फारसा खेळत नाही. जुना चालतो, कॉम्प्युटरच्या दुकानांत ऑफिसमधून निघालेले मिळतात. फक्त त्याला स्पीकर किंवा हेडफोनची जागा आहे का ते विकत घेण्याआधी बघा, कारण डॉकमधल्या स्विचचा आवाज एरवी एचडीएमआयमधून जातो.

एक्सबॉक्स सिरीज एस किंवा एक्स १२० हर्ट्झच्या पडद्याला जोडला असेल, तर रिफ्रेश रेट १२० ठेवा. गेम ६० चाच राहतो, पण प्रत्येक चित्र पडद्यावर उतरायला १६.७ ऐवजी ८.३ मिलिसेकंद लागतात. फुकटची अर्धी फ्रेम.

आवाजाकडेही बघा. ब्लूटूथ हेडफोन किंवा ब्लूटूथ साउंडबार आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे ठेवतो. उडी वेळेवर दिसते, पण ‘टुइंग’ नंतर येतो, आणि मेंदू दोन्हींचं मिळून एकच गणित मांडतो. आवाज पूर्ण बंद करून पाच मिनिटं खेळा. बरं वाटलं तर चोर तिथे आहे. वायरचा हेडफोन किंवा टीव्हीचेच स्पीकर वापरा. साउंडबार ठेवायचाच असेल तर कन्सोल थेट टीव्हीला लावा आणि साउंडबार टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआयवर. कन्सोलचं चित्र साउंडबारमधून फिरवून आणू नका.

कंट्रोलर

इथे अपेक्षा माफक ठेवा. चांगल्या ब्लूटूथ कंट्रोलरवरून वायरवर गेलं तर वाचतात ते काही मिलिसेकंद. वायरचा खरा फायदा सातत्याचा आहे, दर वेळी उशीर तेवढाच राहतो.

पीएस५ वर केबल लावली म्हणजे कंट्रोलर वायरवर आला असं होत नाही. तो फक्त चार्ज होत राहतो आणि बोलतो ब्लूटूथनेच. सेटिंग्ज, ॲक्सेसरीज, कंट्रोलर, कम्युनिकेशन मेथड इथे जाऊन ‘यूज यूएसबी केबल’ निवडावं लागतं. पीएस४ वर हेच डिव्हायसेसखाली आहे. स्विचवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्सखाली ‘प्रो कंट्रोलर वायर्ड कम्युनिकेशन’. स्विचवर वायरने आकडा सुधारेलच असं नाही, मोजून ठरवा. सेटिंग बदलूनही काही होत नसेल तर केबल बघा. मोबाईलच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. ती केबल लावून फोन संगणकाला जोडा. फोटो दिसले नाहीत तर ती चार्जिंगपुरतीच.

मोजताना तफावत मोठी आली असेल, तर कारण हवेत आहे. ब्लूटूथ आणि जुन्या पद्धतीचा वायफाय दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. सिडकोतल्या खेटून असलेल्या घरांत किंवा इंदिरानगरच्या अपार्टमेंटमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली, तर पंधरा-वीस नावं सहज दिसतात. ती सगळी याच गर्दीत भर घालतात. त्यात आपण कन्सोल टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवतो आणि राउटर त्याच्याच डोक्यावर. कन्सोल बाहेर काढून समोर ठेवा, राउटर निदान एक-दीड मीटर लांब न्या, घरातले फोन ५ गिगाहर्ट्झवर टाका. कन्सोलला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर तीही हातभर लांब करा. तिच्या केबलमधून नेमका याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो.

गेम कुठून चालतो

एकच गेम तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे देतो. अधिकृत संग्रहांमध्ये इम्युलेटर कसा लिहिलाय, चित्रांची रांग किती लांब ठेवलीय, यावर एक ते चार फ्रेमचा फरक पडतो, आणि त्यात आपल्याला हात घालता येत नाही. स्विच ऑनलाइनवर (निन्टेन्डोच्या वर्गणीच्या सेवेवर) जे मिळतं ते तसंच घ्यावं लागतं. तिथे हातातल्या मोडचा आकडा हा तळ समजा.

अडलंच तर रेट्रोआर्क, हे अनेक कन्सोलचे इम्युलेटर चालवणारं मोफत सॉफ्टवेअर. संगणकावर, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, किंवा एक्सबॉक्स डेव्हलपर मोडमध्ये टाकून तो चालवता येतो. गेमची फाइल स्वतःच्या कॅसेटची असावी, हे वेगळं सांगायला नको. सेटिंग्जमध्ये ‘लेटन्सी’ नावाचा स्वतंत्र कप्पाच आहे, पण सगळं एकदम चालू करू नका.

आधी व्हिडिओखाली ‘थ्रेडेड व्हिडिओ’ बंद करा. तो वेग वाढवतो, पण एक चित्र मागे ठेवून. मग ‘मॅक्स स्वॅपचेन इमेजेस’ ३ वरून २ वर आणा. ओपनजीएल ड्रायव्हर असेल तर हा पर्याय दिसणार नाही, त्याऐवजी ‘हार्ड जीपीयू सिंक’ चालू करा. गेम अडखळायला लागला तर यंत्राची ताकद कमी पडतेय, परत जुन्यावर या. त्यानंतर ‘फ्रेम डिले’. यात इम्युलेटर फ्रेमच्या सुरुवातीला झोपून राहतो आणि बटण शेवटच्या क्षणी वाचतो. ४ पासून सुरू करून दोन-दोनने वाढवा. आवाज तुटायला लागला की दोन पावलं मागे.

आता मुख्य हत्यार, २०१८ मध्ये आलेलं ‘रन-अहेड’. बटण दाबल्यावर गेम स्वतःच एक-दोन फ्रेम घेतो, हे वर आलंच. रन-अहेड तेवढ्या फ्रेम गुपचूप पुढे खेळून बघतो आणि तिथलं चित्र आत्ताच दाखवतो. मग गेमची स्थिती मागे आणून पुढच्या फ्रेमला तोच खेळ परत. नीट लावलं तर हा उशीर मूळ कन्सोलपेक्षाही कमी होतो आणि टीव्हीने खाल्लेलं थोडं परत मिळतं. पण आकडा गेमप्रमाणे बदलतो, आणि तो असा काढायचा:

कीबोर्डवर ‘पी’ दाबून गेम थांबवा. कंट्रोलरवर उडीचं बटण दाबून धरा, सोडू नका. ‘के’ एकेकदा दाबत जा. दर वेळी गेम एक फ्रेम पुढे जातो. कितव्या वेळी पात्र हललं ते मोजा आणि त्यातून एक वजा करा. तिसऱ्या दाबाला हललं तर रन-अहेड २. दुसऱ्या दाबाला हललं तर १. पहिल्याच दाबाला हललं तर बंद.

आकडा गरजेपेक्षा एकनेही जास्त झाला, की उडीची पहिली फ्रेम गायब होते. पात्र जमिनीवरून एकदम हवेत दिसतं आणि चालताना झटके बसतात. दोन वेगवेगळ्या हालचाली, म्हणजे उडी आणि गोळी, दोन्ही तपासा आणि लहान आकडा घ्या. आवाज फाटत असेल तर ‘यूज सेकंड इन्स्टन्स’ चालू करा. मेमरी जास्त लागते, पण आवाज साफ होतो. ही सेटिंग त्या एका गेमपुरतीच साठवा. रास्पबेरी पायवर एनईएसचे (फॅमिकॉमच्या परदेशी आवृत्तीचे) गेम रन-अहेड सहज पेलतात, प्लेस्टेशनचे नाही.

जुना कन्सोल, नवा टीव्ही

माळ्यावरचा कन्सोल लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही केबलने नव्या टीव्हीला लावला, तर लॅग कमी होईल असं वाटतं. होतं उलटंच. हे कन्सोल २४० रेषांचं चित्र (पाल क्लोन २८८ रेषांचं) अखंड पाठवतात. बहुतेक नवे टीव्ही त्याला अर्ध्या-अर्ध्या रेषांचं इंटरलेस्ड चित्र समजतात, दोन अर्धी जोडायला थांबतात आणि मग मोठं करतात. लॅग वाढतो. मारिओला मार बसल्यावर तो लुकलुकायला हवा, त्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांचा किंवा सरळ अदृश्य दिसतो. टीव्ही चुकतोय हे त्यावरून लगेच ओळखता येतं.

‘एव्ही टू एचडीएमआय’ची छोटी पांढरी डबी हीच चूक टीव्हीच्या आधी करून ठेवते. चित्र येतं एवढाच तिचा गुण. रेषा फक्त दुप्पट करून न थांबता पुढे पाठवणारी यंत्रं वेगळी असतात. रेट्रोटिंक २एक्स साधी पिवळी केबल घेतं. ओएसएससी पिवळी केबल घेत नाही, त्याला आरजीबी किंवा कंपोनंट लागतं. ही मागवताना कस्टम ड्युटीसह हिशोब करा आणि आधी खात्री करा की आपला टीव्ही ४८०पी, आणि क्लोन ५० हर्ट्झचा असेल तर ५७६पी स्वीकारतो. मोजमापाला २४०पी टेस्ट सूट हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं, त्यात लॅगची स्वतंत्र चाचणी आहे.

डक हंटची बंदूक मात्र कुठल्याही डबीने चालणार नाही. घोडा ओढला की पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदूक तो उजेड त्याच क्षणी शोधते. एलसीडीवर चौकोन येईपर्यंत तिची वाट बघून झालेली असते. तिला पिक्चर ट्यूबच हवी.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही घ्यायचा असेल तर

अंबड-सातपूर लिंक रोडकडच्या भंगारवाल्यांकडे किंवा जुन्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत विचारा. १४ ते २१ इंच पुरतात. २९ इंची दोन माणसांना जिना चढवत नाही. ‘१०० हर्ट्झ’ किंवा ‘डिजिटल’ असं ठळक लिहिलेला घेऊ नका, तो चित्र आत साठवून दुप्पट वेगाने दाखवतो, म्हणजे आपण ज्यापासून पळतोय तेच. मागचं झाकण कधीही उघडू नका. प्लग काढून ठेवल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो.

जाताना कन्सोल, त्याचा अडॅप्टर आणि एव्ही केबल बरोबर न्या आणि पैसे देण्याआधी दहा मिनिटं लावून बघा. पहिला पडदा पांढरा आला की रंगाचे डाग कोपऱ्यात दिसतात का ते बघा. स्पीकर जवळ ठेवल्याने आलेले डाग सहसा जातात, ट्यूब आपटल्याने आलेले जात नाहीत. ६० हर्ट्झचा कन्सोल लावल्यावर चित्र वरखाली गडगडत असेल, तर टीव्हीला ६० पकडता येत नाही, सोडून द्या. चित्र स्थिर पण काळं-पांढरं असेल, तर मेनूत कलर सिस्टीम ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी ३.५८’ करा. रंग आले तर उचला. नाही आले, तर तो टीव्ही जुन्या ५० हर्ट्झच्या क्लोनसाठी तरी उत्तम आहे, त्या भावात मागा.